कवडीला बाया आल्या

कवडीच्या पोटावर पुरळ दिसलं त्याच सकाळी रखमाबाईंनी घरातली फोडणी बंद केली. आधी गॅस बंद केला, मग कढई मोरीत पालथी घातली आणि मग सुनेला सांगितलं की घरात बाया आल्यात, आता तेलाचा वास नको. कल्पिता ऑफिसला निघायच्या घाईत होती. तिला वाटलं, चाळीतल्या कुणा पोराला कांजिण्या झाल्या असतील. बाया आपल्या कुत्रीच्या अंगावर आल्यात हे तिला चपला घालताना कळलं. हसावं की कपाळाला हात लावावा हे न सुचून ती एका पायात चप्पल घालून तशीच उभी राहिली.

गोवर-कांजिण्यांना या घरात बाया म्हणतात. बाया म्हणजे देवी. ती पाहुणी म्हणून येते, राहते, मान घेते आणि जाते. तोवर घर गार ठेवायचं, दाराला कडुलिंबाचा पाला बांधायचा, मासळी-मटण वर्ज्य, आजाऱ्याला नावाने हाक मारायची नाही, त्याने ताटात टाकलेलं उष्टं फेकायचं नाही. आणि मुख्य म्हणजे औषध द्यायचं नाही, कारण औषध देणं म्हणजे आलेल्या पाहुणीला हात धरून बाहेर काढणं. कल्पिता डोंबिवलीची, माहेर मूळचं साताऱ्याकडचं. तिच्या आजीनेही असलं पुष्कळ केलं होतं, त्यामुळे माणसांपुरतं तिचं काही म्हणणं नव्हतं. पण देवीने कुत्रीपर्यंत उतरावं हे जरा जास्तच झालं, असं तिला वाटलं.

घर ठाण्याजवळच्या दिवा गावात, जुन्या गावठाणात. सासरे पोपटशेठ गेले त्याला बरीच वर्षं झाली. एकेकाळी मिठागरात राबलेलं हे घर आता तीन चाळींचं मालक होतं. पाणी मात्र मालकांनाही टँकरचंच. कल्पिताचा नवरा मितेश रेती-विटांचा धंदा करायचा, आणि काही महिन्यांपूर्वी त्याच्या रेतीच्या ढिगातच कवडीचं पिल्लू सापडलं होतं. तांबूस रंग, पाठीवर पांढरे ठिपके. रखमाबाईंनीच तिला कवडी हे नाव ठेवलं. कुत्रं घरात नको म्हणून आठवडाभर बडबडल्या आणि नंतर तिच्यासाठी भाकरी दुधात भिजवू लागल्या.

पुरळ यायच्या आधीच कवडी आजारी होती. ताप होता, डोळे चिकटलेले, नाक वाहत होतं. कल्पिताने तिला डोंबिवलीला डॉक्टर मुकुलकडे नेलं होतं. मुकुल तरुण, बोलका, आणि जरा उतावळाच. नाकातल्या पाण्याची तपासणी करून त्याने सांगितलं की हा डिस्टेंपर आहे. लशीचा पुढचा डोस राहून गेला होता, तेवढ्यात विषाणूने गाठलं. माणसांच्या गोवराचा हा जवळचा नातलग, माणसाला मात्र होत नाही. यातून निम्मी पिल्लं जातात, आणि जगलेल्यांपैकी कितीतरींना नंतर झटके येतात, असंही त्याने सांगून टाकलं. खात्रीचं औषध नाही. पण माणसांच्या यकृताच्या एका आजारावर विषाणू मारणाऱ्या कॅप्सुली मिळतात, त्या काही डॉक्टर कुत्र्यांना देऊन बघतात. कुत्रं जगलं तर ते औषधाने जगलं की नशिबाने, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तरी हातपाय गाळून बसण्यापेक्षा बरं, असं मुकुलचं मत.

त्याने ताकीदही पक्की दिली. कॅप्सूल फोडायची नाही, हातमोजे घालूनच हाताळायची. हे औषध शरीरातलं रक्त फोडतं, तेव्हा कोर्स चालू असताना कवडीचं रक्त तपासायला आणायचंच. कल्पिताने सगळं मन लावून ऐकलं होतं. आणि कोर्स सुरू करायच्या सकाळीच बाया आल्या.

तिने सासूशी भांडून पाहिलं. रिपोर्ट दाखवला, मोबाईलवर फोटो दाखवले. रखमाबाई शांतपणे ऐकत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या की कागदात काय लिहिलंय ते मला कळत नाही, पण पोटावर काय आलंय ते कळतं.  डॉक्टर ज्याला गोवराचा नातलग म्हणाला होता, त्याला या बाईने नुसतं पोटावर बघून घरच्या नावाने ओळखलं होतं. मितेशला मध्ये घातलं तर तो म्हणाला, आईशी तूच बोल, आणि गोडाऊनवर निघून गेला. बाहेर दहा मजुरांना ओरडणारा हा माणूस घरात आईसमोर मांजर व्हायचा. त्याला कवडीपेक्षा घरातली सुकट बंद झाल्याचं दुःख जास्त होतं, असं कल्पिताला रागाच्या भरात वाटलं. ते खरं नव्हतं. तो गोडाऊनच्या पार्किंगमध्ये एकटा रडायचा, हे तिला नंतर कळलं.

रखमाबाईंनी कवडीला मागच्या खोलीत नेलं. आत जायची परवानगी फक्त त्यांना. अंघोळ करून, ओल्या लुगड्याने त्या आत जात. ज्या घरात बादलीबादलीचा हिशोब चालायचा, तिथे म्हातारी दिवसातून दोनदा डोक्यावरून पाणी घेत होती. कल्पिता घोडबंदर रोडच्या ऑफिसातून येणार, हजार लोकांचा वारा अंगावर घेऊन, तेव्हा तिने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही.

कल्पिता काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिने एक रात्र विचार केला आणि सकाळी नरमाईने सासूला म्हणाली, की आई, बायांचा नैवेद्य तरी मला करू द्या. रखमाबाईंचा चेहरा असा उजळला की कल्पिताला क्षणभर स्वतःची लाज वाटली. पण क्षणभरच. नैवेद्य म्हणजे दहीभात. तिने मऊ भात शिजवला, गार दही कालवलं, आणि हातमोजे घालून पहिल्या घासाच्या पोटात कॅप्सूल दडवली. वाटी उंबऱ्यावर ठेवली. आतून एक सुरकुतलेला हात आला आणि वाटी घेऊन गेला. थोड्या वेळाने वाटी परत आली ती घासून-पुसून लख्ख.

असं सकाळ-संध्याकाळ चालू झालं. सकाळी ऑफिसला जाण्यापूर्वी आणि संध्याकाळी आल्यावर अंघोळ करून. वाटी जायची भरून, यायची रिकामी. कल्पिताने मुकुलला फोनवर सांगितलं की औषध सुरू झालं, आणि तिच्या आवाजात थोडा विजयही होता. मुकुल म्हणाला, शाब्बास.

घर मात्र बदललं. तेलाचा वास गेला, मासळीचा वास गेला, टीव्ही बंद झाला, आणि त्या शांततेत मागच्या खोलीतला आवाज ऐकू यायला लागला. रखमाबाई बोलायच्या. आधी कल्पिताला वाटलं, कुत्रीला गोंजारताहेत. पण गोंजारणं एकतर्फी असतं. ह्या थांबायच्या, कुणीतरी काही विचारलंय असं वाटेपर्यंत थांबायच्या, आणि मग उत्तर द्यायच्या. हो हो, घेईन ना. नाही गो, शाळा नाही आता. बाबा बाजारात गेलेत. पोपटशेठ जाऊन बारा-पंधरा वर्षं झाली होती, आणि या घरात शाळेत जाणारं कुणी नव्हतं. कल्पिता भांडी लावता लावता थांबायची. अंगावर काटा यायचा, आणि त्याचा तिला रागही यायचा.

एका संध्याकाळी तिने वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि आतून हाक ऐकली. आजाऱ्याला नावाने हाक मारायची नाही हा नियम ज्यांनी घातला, त्याच रखमाबाई हलक्या आवाजात म्हणत होत्या, "शालू, जेव गो बाय." आणि आत काहीतरी हललं, नखं लादीवर वाजली.

तिने मितेशला विचारलं. मोठी बहीण होती म्हणे, गोवरात गेली, मी जन्मलेलो पण नव्हतो, एवढंच त्याला माहीत. बाकीचं चुलतसासू वासंतीकाकींनी सांगितलं, तेही अंगणात, आवाज खाली करून. शालू पाच-सहा वर्षांची. बाया आल्या. पोपटच्या आईचं म्हणणं, औषध नको. पण पोपट मुंबईत जाऊन-येऊन शहाणा झालेला, त्याने डॉक्टरला आणलं. पोर सुई बघून हातपाय झाडायला लागली, तेव्हा रखमाने तिचे दोन्ही हात धरले. इंजेक्शन दिलं. त्याच दिवशी उन्हं कलताना पोर गेली. पोपटच्या आईने मरेपर्यंत सुनेला एकच वाक्य ऐकवलं, तू हात धरलेस. घरात शालूचा एक फोटोही ठेवला नाही. वासंतीकाकी हे सांगून डोळे पुसून गेल्या, आणि कल्पिता अंगणात उभीच राहिली. तिला सासूची एवढी दया आली, की आत जाऊन त्यांना मिठी मारावी असं वाटलं. पण आत जायला मनाई होती. आणि दयेपोटी कॅप्सूल बंद करायची तिची तयारी नव्हती.

कवडी सुधारत होती, हे तर दिसतच होतं. दाराच्या फटीतून दिसायचं, की रखमाबाई तिला चमच्याने नारळपाणी पाजतायत, कडुलिंबाच्या कोमट पाण्याने डोळे पुसतायत, नाकावरची खपली भिजवून काढतायत. मुकुलच्या दवाखान्यात कुणी इतकं केलं नसतं. ताप उतरला. पुरळ सुकलं. एका सकाळी कवडी स्वतःच्या पायांनी उंबऱ्यापर्यंत आली आणि कल्पिताकडे बघून उभी राहिली. कल्पिताने आनंदाने हाक मारली, कवडी, ये. कुत्री हलली नाही. पुन्हा हाक मारली. कुत्रीने तिच्याकडे असं पाहिलं, जसं अनोळखी माणसाकडे बघतात. आतून रखमाबाईंनी शालू म्हणताच वळली आणि शेपूट हलवत गेली. इतके दिवस तेच नाव ऐकतेय, दुसरं काय होणार, असं कल्पिताने स्वतःला समजावलं. कारण बरोबर होतं. तरी त्या दिवशी तिला ऑफिसात सारखी ती नजर आठवत राहिली.

रखमाबाई दुपारी डोळा लागून पडल्या होत्या तेव्हा, सुट्टीच्या दिवशी, कल्पिताने कवडीला चादरीत गुंडाळून मुकुलकडे नेलं. रक्त तपासलं. मुकुल रिपोर्टकडे बघून खूश झाला आणि थोडा चकितही. इतक्या दिवसांच्या औषधानंतर रक्त थोडं तरी उतरायला हवं होतं, पण याला धक्काही नाही, म्हणाला. झटके नाहीत, पाय थरथरत नाहीत. पोटावर पुरळ आलेल्या पिल्लांचा मेंदू पुष्कळदा वाचतो असंही म्हणतात, पण आपण वेळेत औषध दिलं हे महत्त्वाचं. त्याने कवडीचा फोटो काढला आणि कुत्रेवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. बदलापूरपासून मुलुंडपर्यंतचे लोक विचारायला लागले की कुठलं औषध, कितीची मात्रा. कल्पिताला अभिमान वाटला. कोर्स पूर्ण करा, मध्ये सोडू नका, असं मुकुल म्हणाला, म्हणून म्हातारी उठायच्या आत कवडीला गुपचूप परत ठेवून तिने दहीभात चालू ठेवला.

आणि इकडे रखमाबाई विझत चालल्या होत्या.

आधी त्या मोरीतून खोलीपर्यंत जाताना भिंतीला हात लावायच्या. मग मध्ये बसायच्या. चेहऱ्याचा रंग जुन्या चुन्यासारखा झाला, डोळ्यांत पिवळट झाक आली. दोनदा अंघोळ, उपास, म्हातारं शरीर, असं कल्पिता म्हणत राहिली. डॉक्टरकडे चला म्हटलं की त्या मान हलवायच्या. कवडी आता त्यांना सोडतच नव्हती. त्या बसल्या की पायाशी, निजल्या की उशाशी. कुत्रीच्या अंगावर तेज चढत होतं आणि म्हातारीच्या अंगावरून उतरत होतं, आणि हे सगळ्यांना दिसत होतं. वासंतीकाकींनी एकदा बघितलं आणि परत आल्याच नाहीत.

कल्पिताने विचारलं की कवडी बरी झाली, मग बायांची पाठवणी कधी करायची? पाठवणी म्हणजे आजाऱ्याला लिंबाच्या पाण्याने न्हाऊ घालून गावच्या वेशीवर खण, हिरव्या बांगड्या, नारळ ठेवून यायचा, की पाहुणी गेली. रखमाबाई म्हणाल्या, एवढ्यात नाही, तिचं काम व्हायचंय अजून. कसलं काम, ते सांगितलं नाही. ते मितेशने ऐकलं. दुपारी घरी जेवायला आला, तेव्हा खोलीत आई कुणाला तरी समजावत होती, की हिला सोड, मना घे, बोल्ले ना मी एकदा. मितेशने ताट तसंच सोडलं. संध्याकाळी त्याने हे बायकोला सांगितलं. एवढा आडदांड माणूस, पण म्हणाला की मला त्या खोलीत जायची भीती वाटते. आईची नाही, आणखी कुणाची तरी. खोटं कशाला, कल्पितालाही वाटत होती. शालू आईला मागायला आली आहे आणि म्हातारी स्वतःहून निघाली आहे, असं तिच्याही मनात येऊन गेलं. बी.कॉम. झालेली, पगारदार बाई. तिने ते मनातून झटकलं, पण ते पुन्हा येऊन बसलं.

दुसऱ्या दिवशी रखमाबाई मोरीत कोसळल्या. मितेशने उचललं, गाडीत घातलं, कल्याणच्या एका हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढली. आत लाली नव्हतीच. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले की रक्त तयार होतंय पण फुटून जातंय, निम्म्याहून खाली आलंय, हृदयावर ताण पडलाय, लगेच रक्त चढवावं लागेल. मग त्यांनी सहज विचारलं, हल्ली यांना कुठलं औषध चालू आहे? एखाद्या औषधाने असं होतं.

काही नाही, मितेश म्हणाला. आई गोळीला हातच लावत नाही.

कल्पिताला मुकुलची ताकीद आठवली. रक्त फोडणारं औषध. ज्या कुत्रीला ते चालू होतं तिच्या रक्ताला धक्का नाही. लख्ख परत येणारी वाटी. बायांनी टाकलेलं उष्टं फेकायचं नाही, ते घरातल्या मोठ्या बाईने खायचं. कवडी पहिले दिवस खातच नसणार, आणि उरलेला दहीभात म्हातारीने प्रसाद म्हणून खाल्ला. स्वतःच्या हाताने, सकाळ-संध्याकाळ, मोजे घालून, तिने सासूला विष भरवलं होतं. ते सगळं तिने डॉक्टरांना तिथेच सांगितलं. मितेश ऐकत होता. तो भिंतीशी जाऊन उभा राहिला. डॉक्टर म्हणाले, बरं झालं सांगितलंत, औषध थांबलं की रक्त पुन्हा धरेल, फक्त आत्ता हे दोन दिवस निभले पाहिजेत. रक्ताची पिशवी आली. आणि रखमाबाईंनी हात पोटाशी घट्ट धरून ठेवला. नर्सने समजावलं, मितेशने पाय धरले. त्या ऐकेनात. जबरदस्ती केली तर सुई उपटून टाकीन, म्हणाल्या. डॉक्टर कल्पिताला म्हणाले की तासातासाने धोका वाढतोय, तुम्हीच बघा.

कल्पिता कॉटच्या कडेला बसली. तिला आधी माफी मागायची होती. म्हणाली, आई, दहीभातात मी औषध घालत होते. तुम्ही ते नकळत प्रसाद म्हणून खाल्लंत.

"नकलत नाय," रखमाबाई म्हणाल्या. श्वास लागत होता, तरी आवाज स्वच्छ होता. "पयल्याच दिवशी घासात दिसली. रोज मी ती निवडून काढायची, भात तिना भरवायची, न गोली मी गिलायची."

 कल्पिताने विचारलं की मग मला ओरडायचं होतं, गोळी फेकून द्यायची होती.

"फेकली आस्ती तर तू दुसरी घातली आस्तीस. तू काय ऐकनारी हायस?" हे बोलताना त्या चक्क थोडं हसल्या. मग छताकडे बघत राहिल्या. "बायच्या ताटान औषध आला, तिचा राग कुनावर तरी पडनारच. शालूचे वेलेला तो तिच्यावर पडला. मी तिचं हात धरून बसले. तवाच बोलाला पायजे होता गो मी, सुई मना टोच."

मितेशने तोंडावर रुमाल धरला. कल्पिता आता रडत होती, आणि रडता रडताच तिने समजावायचा प्रयत्न केला, की आई, यात राग-बीग काही नाही, तुमचं रक्त औषधाने फुटलंय. रखमाबाईंनी समाधानाने मान हलवली. तेच तर मी सांगते, म्हणाल्या, औषधानेच झालं. लग्नापासून आजवर सासू-सुनेचं पहिल्यांदा एकमत झालं होतं, आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. रखमाबाईंच्या हिशोबाने रक्त हेही औषधच. ते घेतलं की सौदा मोडला, आणि बाय परत जाणार ती घरी दारात बसलेल्या त्या जिवाकडे. तेव्हा सुईसाठी शालूचे हात धरले, आता स्वतःचा हात सोडायचा नाही.

कल्पिताने डोळे पुसले. तिच्या लक्षात आलं, की डॉक्टरांच्या बाजूने बोलून ही बाई जगणार नाही. मग ती सासूच्या बाजूने बोलली.

"आई, ती कॅप्सूल भातात कुणी घातली?"

"तू."

"मग राग कुणावर? ज्याने घातली त्याच्यावर. तुमच्यावर नाही, शालूवर तर नाहीच. शालूला सुई आणली दुसऱ्यांनी, टोचली दुसऱ्यांनी. तुम्ही हात धरलेत ते पोर घाबरू नये म्हणून. आणि आता माझ्या वाटणीचं तुम्ही मध्येच खाऊन बसलात. ते माझं मला परत द्या."

रखमाबाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा भीती आली. "आसा बोलू नको, पोरी. तुना आजून पोर नाय, बाल नाय."

पण कल्पिता उठली. खिडकीकडे तोंड करून तिने हात जोडले, आणि वॉर्डातल्या चार बायका बघतायत याची पर्वा न करता मोठ्याने म्हणाली, की बाय, औषध मी घातलं, ह्यांचं काही नाही, माझ्यावर ये. शब्द सहज आले. विश्वास नसला की असले शब्द सहज येतात. मागे वळून पाहिलं तर रखमाबाई रडत होत्या. शालू गेली तेव्हा ही बाई रडली नव्हती, असं वासंतीकाकी म्हणाल्या होत्या. तेव्हाचंही सगळं आता बाहेर येत असावं, इतकं ते रडणं लांबलं. मग त्यांनी पोटाशी धरलेला हात सोडला आणि नर्सपुढे केला.

रक्त चढत होतं तोवर त्यांनी दुसऱ्या हाताने कल्पिताचं मनगट धरून ठेवलं होतं. ओठ हलत होते. कल्पिताने कान जवळ नेला. म्हातारी देवीशी घासाघीस करत होती, हिला नको, ही बाहेरून आलेली पोर, हिला आमचं काही कळत नाही.

रखमाबाई वाचल्या. घरी आल्या, पाठवणी झाली. गावची वेस आता नव्या पुलाच्या खांबाखाली आहे, तिथेच खण-नारळ ठेवला. कल्पिताने मुकुलला खरं ते सांगितलं, की कवडीच्या पोटात एकही कॅप्सूल गेली नव्हती.  मग ती जगली कशाने, तो म्हणाला. कल्पिता म्हणाली, नारळपाण्याने असेल, नाहीतर नशिबाने. त्याने त्याच दिवशी ग्रुपवर तसं लिहिलं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. लोकांनी त्यावर फारसं लक्ष दिलं नाही. अजून औषधाचं नाव विचारतात.

घरात फोडणीचा वास परत आला. पण संध्याकाळी कल्पिता ऑफिसातून आली की रखमाबाई तिला उंबऱ्यात थांबवतात. खांद्यावरची बॅगही उतरवू देत नाहीत. तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवतात आणि हॉस्पिटलातल्या डॉक्टरांसारखी खालची पापणी अंगठ्याने ओढतात. आत नीट बघतात. मग म्हणतात, आज लाल हाय, आणि तिला आत घेतात. सुरुवातीला कल्पिता हसायची, म्हातारीचं मन राखायला उभी राहायची. एकदा तिने मुद्दाम रक्त तपासून रिपोर्ट सासूला वाचून दाखवला, सगळं उत्तम आहे म्हणून. रखमाबाईंनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पापणी ओढली.

परवा रखमाबाई शहाडला भाचीच्या हळदीला गेल्या. कल्पिता घरी आली, दार उघडलं, चपला काढल्या, आणि तिचे पाय आत जाईनात. उंबऱ्यात कुणीच नव्हतं. शेवटी उंबरा ओलांडून ती थेट बाहेरच्या खोलीतल्या आरशापुढे गेली आणि अंगठ्याने पापणी खाली ओढली. संधिप्रकाशात नीट दिसेना. तिने ट्यूब लावली आणि पुन्हा पाहिलं.